नहाणीतले केस

शिक्रापूर,
रविवार, ६ जुलै २०२५

चि. रश्मी हिस,
सप्रेम जय भीम.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहीत आहे. पत्राचा एक फायदा असा, की ते वाचणाऱ्याला मधेच उठून जाता येते आणि लिहिणाऱ्याला ते दिसत नाही.

काल तुझ्या नवनाथमामांचा खुटबावहून फोन आला. त्यांचे शब्द जसेच्या तसे देतो, म्हणजे तुला माझ्याकडे काय पोहोचले आहे ते कळेल. “दाजी, पोरगी बोलंना झालीया. सकाळी गोठ्यात जाऊन कात्रीनं समदं केस कापलं तिनं, पार टाळूपातूर. आई रडाया लागली तर म्हणती, ह्या केसांनीच माझ्या आईला मारलं. कॉलेजचं नाव काढलं की भिंतीकडं तोंड करती. तुम्ही काय तरी करा.”

मी काय करू शकतो, याचा विचार करून हे लिहीत आहे. केस पुन्हा वाढतील, त्याविषयी मला काही म्हणायचे नाही. परंतु केसांमुळे तुझ्या आईचा मृत्यू झाला, हे विधान चुकीचे आहे आणि तू विज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला असताना ते चुकीचे राहू देणे मला शक्य नाही. नहाणी, म्हणजे न्हाणीघराच्या कोपऱ्यातली पाणी जाण्याची जाळी, तुंबली होती, हे खरे. ती मोकळी करण्यासाठी सीमाने घरात असलेले आम्ल ओतले, हेही खरे. त्याने पाणी उतरेना, म्हणून तिने त्यावर टीसीएल पावडर टाकली. ग्रामपंचायत पाण्याच्या टाकीसाठी देते तीच. या दोहोंच्या संयोगाने क्लोरीन वायू तयार होतो. न्हाणीघराचे दार आतून बंद होते. खिडकी वीतभर. वायू फुप्फुसात गेला आणि तिसऱ्या दिवशी फुप्फुसात पाणी भरून ती गेली. या संपूर्ण प्रक्रियेत केसांनी कोणताही भाग घेतलेला नाही. केस आम्लात नीट विरघळतही नाहीत. म्हणूनच तर पाणी उतरले नाही.

दवाखान्यात मी डॉक्टरांना जे सांगितले, ते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर होते. त्यातून तू जो अर्थ घेतलास, तो मला अभिप्रेत नव्हता.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून तू मामांबरोबर गेलीस, तेव्हा मी तुला अडवले नाही. काही दिवस आजीजवळ राहणे योग्यच होते. आता मात्र शिरूरचे कॉलेज सुरू झाले आहे. हे वर्ष गेले तर पुढे काय होईल, ते मी लिहिण्याची आवश्यकता नाही. आपल्या घरात शिक्षण कसे आले, ते तुला पाठ आहे.

घरी सर्व व्यवस्थित आहे.

जाता जाता एक सूचना. मामांच्या घरची मोरी उघडी आहे. तिच्या तोंडाशी बारीक जाळी बसवून घ्यावी. केस आंघोळीपूर्वी, कोरडे असतानाच अंगणात विंचरावेत. जे सुटायचे ते कंगव्यात सुटतात आणि पाण्याबरोबर जात नाहीत. आठवड्यातून एकदा कढत पाणी सोडावे. आम्ल, पावडर वा सोडा यांपैकी काहीही कोणीही वापरू नये, एकटे नाही आणि एकत्र तर नाहीच. हे आजीलाही समजावून सांग.

उत्तराची वाट पाहणारा,
तुझा पिता,
मच्छिंद्र


शिक्रापूर,
रविवार, २० जुलै

चि. रश्मी,
जय भीम.

तुझे उत्तर मिळाले. वहीचा अर्धा कागद आणि त्यावर एक ओळ: “पप्पा, नहाणी उघडून बघा आत कुणाचे केस आहेत, मग लिहा, आणि खोटं लिहू नका.”

मी खोटे लिहीत नाही, हे तुला ठाऊक आहे. तरी तू ते लिहिलेस.

नहाणी उघडण्याची गरज नाही, असे माझे मत आहे. का, ते सांगतो. आमच्या सणसवाडीच्या कारखान्यात एखादा भाग सदोष निघाला, की क्वालिटी विभागाकडे तो येतो आणि आम्ही कारण शोधतो. पद्धत अशी, की ‘का’ हा प्रश्न एकदा विचारून थांबायचे नाही. भाग का तुटला? भोक वाकडे पडले. का पडले? ड्रिल झिजले होते. का झिजले? बदलले नाही. असे खाली खाली जायचे. यात एक नियम मी स्वतः नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवतो: उत्तर म्हणून माणसाचे नाव आले, तर तुमचा शोध अर्धवट राहिला आहे, असे समजा. ‘ऑपरेटरने चूक केली’ हे कारण नव्हे. त्याला ती चूक करता आली, हे कारण. तू तुझ्या स्वतःच्या नावावर येऊन थांबली आहेस. कारखान्यात असा अहवाल मी सही न करता परत पाठवला असता.

आता वस्तुस्थिती. मागच्या पत्रात ‘घरी सर्व व्यवस्थित आहे’ असे लिहिले होते, ते तितकेसे अचूक नव्हते. ते न्हाणीघर बंद आहे. त्या दिवसानंतर मी दाराला बाहेरून कडी घातली, ती अजून काढलेली नाही. आंघोळ गच्चीवर टाकीच्या नळाखाली करतो. याची कोणाला अडचण असण्याचे कारण नाही. परंतु मागच्या खोलीतल्या बानूबाईंना आहे. परवा वाळवण घालायला वर आल्या आणि मला पाहून जिन्यातच पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

“सायब, येवढं मोठं घर बांधलं आन् न्हाता चिमणीवानी व्हय? हायवेवरनं टरकवालं बघत्यात. उद्या हॉर्न वाजवतील.”

मी म्हणालो, काम काढायचे आहे, प्लंबरला निरोप दिला आहे.

“पोपटला? त्यो बोलाय येतो, कामाला न्हाई.”

पोपट आला. तू त्याला पाहिले आहेस, आपली टाकी त्यानेच बसवली. त्याने कडी काढली, आत डोकावला, उंबऱ्यावर उकिडवा बसला आणि मोबाईलच्या उजेडात कोपऱ्यातल्या जाळीकडे पाहत राहिला. पाणी अजून होते. वर साय धरली होती.

“ट्रॅप पॅक हाय, सायब. फरशी फोडावी लागंल न्हाईतर... एक बाटली ओतू? धा मिंटात—” एवढे बोलून तो थांबला. त्याचा चेहरा उतरला. “चुकलो सायब. तोंडात बसलंय वो. समदीकडं त्येच सांगतो.”

मी म्हणालो, ठीक आहे.

मग त्याने दुसरा मार्ग सुचवला. “एक जण हाय नाक्यावर. त्येला चपटी पाजली की खांद्यापातूर हात घालतो. गटार आसू, चेंबर आसू. घिऊन येऊ?”

मी त्याला जायला सांगितले. जरा जास्त मोठ्या आवाजात सांगितले असावे, कारण बानूबाई बाहेर आल्या.

या बाबतीत माझे मत तुला लहानपणापासून ठाऊक आहे, पण त्यामागचे मी कधी सांगितलेले नाही. तुझ्या आजोबांनी गावाची गटारे हातांनी उपसली. मेलेली जनावरे ओढली ती वेगळी. संध्याकाळी ते ओढ्यावर जाऊन वाळूने हात घासत. इतके, की बोटांची कातडी सोललेली असे. घरी आले, की आम्हा भावंडांना जवळ घेत, पण हात पाठीमागे बांधून. छातीशी धरत, हातांनी धरत नसत. मला वडिलांच्या हाताचा स्पर्श आठवत नाही. बी.एस्सी.चा निकाल घेऊन घरी गेलो, त्या दिवशी मी मनाशी ठरवले, की माझ्या घरात कोणी घाणीत हात घालणार नाही, आणि माझ्या घरासाठी दुसऱ्या कोणालाही घालावा लागणार नाही. लग्नानंतर सीमाला पहिल्याच आठवड्यात हे सांगितले. तिने मान्य केले. तेव्हापासून तसेच चालत आले.

म्हणून नहाणी बंद आहे. उघडण्याचा सभ्य मार्ग सापडला, की उघडेन. तोपर्यंत तू तुझ्या अभ्यासाचे पाहा. पुस्तके शिक्रापूरहून पाठवू का, ते कळव.

मच्छिंद्र


शिक्रापूर,
रविवार, ३ ऑगस्ट

रश्मी,
जय भीम.

परवा मी खुटबावला आलो होतो, हे तुला ठाऊक आहे. तू मागल्या दाराने गोठ्यात गेलीस आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाहीस. मी तुझी पाठ पाहिली. डोक्याला आजीचे पातळ गुंडाळले होते.

तुझ्यासमोर बोलणे झाले असते, तर हे पत्र लागले नसते. नवनाथमामांनी सांगितले, की तू त्यांना कॉलेजात जाऊन नाव काढून यायला सांगितले आहेस आणि यवतच्या बाजूला एका रोपवाटिकेत पिशव्या भरण्याचे काम विचारून आलीस. पिशव्या भरण्यात कमीपणा आहे, असे मी म्हणणार नाही. परंतु तुझ्या हातून ते होणे म्हणजे काय, हे मला कळते. तुलाही कळते, आणि बहुधा म्हणूनच तू ते निवडलेस. मामांनी अजून नाव काढलेले नाही. पंधरवडाभर थांबेन, असे त्यांनी मला सांगितले आहे. त्यानंतर, म्हणाले, “पोरीला जबरदस्ती मी करायचो न्हाई, दाजी. बहीण गेली, आता भाची घालवायची न्हाई मला.”

आजी ओट्यावर बसल्या होत्या. त्या मला कधी वेडावाकडा शब्द बोललेल्या नाहीत. त्या दिवशीही आवाज चढवला नाही. चहा दिला आणि म्हणाल्या, “पावनं, एक इचारू? दवाखान्यात डाक्टर पुसत हुता काय झालं म्हून, तवा तुम्ही काय बोलला?”

मी म्हणालो, जे घडले ते.

“आठवतंय मला. मी बाकड्यावर हुते. ‘मुलीचे केस अडकले होते’, ह्ये पहिलं बोलला तुम्ही. पहिलं. पोरगी थितंच आईच्या चपला हातात धरून हुबी.”

मी सांगण्याचा प्रयत्न केला, की घटनाक्रम सांगताना प्रथम मूळ स्थिती सांगावी लागते. त्यांनी हात वर केला.

“त्ये पुस्तकातलं ऱ्हाऊ द्या. माझी सीमा गेली, तिचा हिशोब मी कुणाला इचारत न्हाई. पर ही जित्ती हाय. तिनं तुम्हाला येक काम सांगितलंय, नहाणी बघा म्हून. त्येवढं करा. केसं काय चावत्यात व्हय?”

नवनाथमामा मला चौफुल्यापर्यंत गाडीवर सोडायला आले.  मी गाडीवरून उतरताना म्हणाले, “दाजी, तुम्ही वाईट न्हाई. पर तुमच्यासंगं बोलायचं म्हंजी पेपर लिवल्यागत वाटतं. ताईला बी वाटायचं.”

हे मी तुला का लिहिले, सांगता येत नाही. खोडायला हवे होते. शाईने लिहिले आहे.

येत्या गुरुवारी कारखान्याला सुट्टी आहे. गुरुवारी उघडतो.

मच्छिंद्र


शिक्रापूर,
गुरुवार, ७ ऑगस्ट

रश्मी,

नहाणी उघडली. तू सांगितल्याप्रमाणे जे दिसले ते लिहितो.

सकाळी खिडकीची काच काढून घेतली आणि दार पूर्ण उघडे ठेवले. पंखा दारात आणून लावला. उभे असलेले पाणी मगाने बादलीत भरले आणि बागेत न ओतता बाहेरच्या चेंबरमध्ये नेऊन टाकले. रबरी हातमोजे कारखान्यातून आणले होते. जाळी निघेना. तिच्या कडेला आम्लाने पांढरे पापुद्रे धरले होते. पेचकसाने उचकटली. जाळीखाली एक वाटी असते, उलटी. ती फिरवून वर काढायची असते, हे मला ठाऊक नव्हते. बानूबाईंनी दारातून सांगितले. मोज्यांनी पकड येत नव्हती. हात घसरत होता. शेवटी मोजे काढले.

हात मनगटाच्या वर गेला. आत थंड होते. बोटांना प्रथम काही लागले नाही, मग एकदम सगळे लागले. ओढल्यावर ते सहज आले नाही. दोरासारखे ताणले गेले, सुटले, पुन्हा धरावे लागले. बाहेर आले तेव्हा वितीपेक्षा लांब होते, करडे, साबणाने लडबडलेले, आणि वास असा, की मी तोंड फिरवले. बानूबाई म्हणाल्या, “आगं बया! सायब, येवढ्या गुंतवळावर केसवाल्यानं पातेलं दिलं आसतं की वो.” मग पदर तोंडाला लावला. मला हसू आले होते. हे सांगू नये, पण आले होते.

मी तो गोळा बादलीत स्वच्छ पाण्याने अनेकदा धुतला आणि वर्तमानपत्रावर पसरला. तू विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे: लांब काळे केस सर्वांत जास्त आहेत. ते तुझे आहेत. त्यात तांबूस केस पुष्कळ आहेत, ते मेंदीचे, म्हणजे सीमाचे. आखूड पांढरे आहेत, ते माझे. वेगळे करता येण्याजोगे ते नाहीत. पण प्रमाण विचारशील, तर अर्ध्याहून अधिक तुझे. यात मी काहीही कमी केलेले नाही.

आता तू न विचारलेले.

मी कागद गुंडाळत होतो, तेव्हा बानूबाई म्हणाल्या, “ह्ये येवढं साचलं कसं काय? सीमावहिनी तर सारखी काढायच्या.”

मी विचारले, काय काढायच्या?

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांच्या खोलीत गेल्या आणि एक तार घेऊन आल्या. कपड्यांच्या हँगरची, सरळ केलेली, टोकाला आकडा. मुठीच्या जागी चिंधी गुंडाळलेली. चिंधी तुझ्या जुन्या युनिफॉर्मची होती.

“माझ्यापाशी ठिवायच्या. तुम्ही कामावर गेला की न्यायच्या, वाटी काढायची, आकडा घालायचा, उरलंसुरलं हातानं. पाच मिंटाचं काम. मी म्हनायचे, आगं घरात ठेव की. तर म्हनायच्या, न्हाई बया, त्यांना कळलं तर जेवायचे न्हाईत.”

मी विचारले, तिला घाण वाटत नसे?

“घाण? आपल्याच डोईचं हाय, त्यात कसली लाज, म्हनायच्या. हसायच्या. ‘ह्यांनी मला हात न घालायची शपथ घातलीया, केसांना न्हाई घातली,’ म्हनायच्या.”

मी विचारले, मग त्या वेळी का काढले नाहीत?

“उन्हाळ्यात माझं गुडघं धरलं, मी लेकीकडं गेलते. खोलीला कुलूप, तार आत. परत आले त्या दिशीच त्यांनी खिडकीतनं खूण केली, येते म्हून. आन् आल्याच न्हाईत.” मग म्हणाल्या, “तुम्ही ओट्यावर खुर्ची टाकून बसला हुता की वो. पेपर वाचत.”

तो गुरुवार होता, रश्मी. सणसवाडीला गुरुवारी सुट्टी असते. मी ओट्यावर बसलो होतो. बानूबाईंच्या खोलीकडे जायची वाट माझ्या खुर्चीपुढून जाते. ती माझ्यापुढून हातात तार घेऊन येऊ शकली नाही. मी घरात असताना तिला हात घालता आला नाही. म्हणून तिने बाटली घेतली. बाटली मीच आणलेली होती. पहिल्या पत्रात मी ‘घरात असलेले आम्ल’ असे लिहिले. मी ती आणली होती आणि तिला सांगितले होते, की ‘याने हात न लावता काम होते’. आणि दार तिने आतून लावले, कारण वास बाहेर आला असता, तर नहाणी तुंबली कशी, असे मी विचारले असते.

मला खोकला ऐकू आला होता. मी खुर्चीतूनच विचारले, “काय झाले?” ती म्हणाली, “काही नाही, ठसका.” मी पान उलटले.

हे मी कोणत्या ‘का’शी थांबवावे, मला कळत नाही. तुला शिकवलेला नियम मला लागू करता येत नाही.

तू तुझे केस पाहायला सांगितलेस. ते तिथे होते. तरी ते वर्षानुवर्षे तिथे जात होते आणि वर्षानुवर्षे सीमा ते काढत होती, आणि कोणाला काहीही झाले नव्हते. त्या दिवशी जे वेगळे होते, ते मी. इतके लिहून हे पत्र पोस्टात टाकतो. उद्या वाचले तर टाकणार नाही.

मच्छिंद्र


शिक्रापूर,
रविवार, १७ ऑगस्ट

रश्मी,

तुझे पत्र काल मिळाले. मामांनी ते पोस्टाने न पाठवता स्वतः आणून दिले. चहा न घेता गेले. दारातूनच म्हणाले, “तिनं लिवताना मला खोलीच्या भाहीर काढलं. आत काय हाय म्या बगितलं न्हाई. तुम्ही वाचा, दाजी, आन् यवस्थित उत्तर द्या.”

पत्र मी तीनदा वाचले. तू लिहितेस:

“पप्पा, तारेचं मला माहीत होतं. दहावीपासून माहीत होतं. आई तुमच्यापासून लपवायची, मी पण लपवायची. केस कुणाचे ते बघा, असं मी उगाच लिहिलं. माझेच आहेत हे मला माहीतच होतं. मला दुसरं काहीतरी सांगायचं होतं आणि तुम्ही केसांवरच भांडत राहिलात. त्या दिवशी सकाळी आई माझ्या खोलीत आली. बानूमावशी आल्यात, तार आणायचीय, पण हे ओट्यावर बसलेत. तू त्यांना नाक्यावर चहा प्यायला घेऊन जा, पाच मिनिटं, तेवढ्यात उरकते. मी कानातले इयरफोन काढलेसुद्धा नाहीत. म्हटलं, मला अभ्यास आहे, तूच सांग त्यांना, नाहीतर घाल की एकदाचा त्यांच्यासमोर हात, काय खाणार आहेत का तुला? ती म्हणाली, बरं बाई, राहू दे, बाटली ओतते. आणि माझ्या केसांवरून हात फिरवून गेली. पप्पा, मी उठले असते तर. फक्त उठले असते तर.”

याच्या पुढे तू काही लिहिले नाहीस. सहीसुद्धा नाही.

मी यावर बरेच लिहून पाहिले. सुरुवातीला असे लिहिले, की तुला हे माहीत असणे शक्य नव्हते, की बाटली ओतणे धोक्याचे आहे, ती पावडर टाकेल याची कल्पना कोणालाच नव्हती. ते सर्व खरे आहे. ते सर्व तू स्वतःला सांगून झाली असशील आणि त्याचा उपयोग झाला नसेल, कारण मीही स्वतःला असेच बरेच सांगितले आणि त्याचा उपयोग झाला नाही. ते कागद फाडले.

मग असे लिहावेसे वाटले, की आईने तुझ्या केसांवरून हात फिरवला, म्हणजे ती रागावलेली नव्हती. तेही फाडले. ती कधीच रागावलेली दिसत नसे. त्यावरून काही सिद्ध होत नाही.

शेवटी तू जे विचारतेस, तेवढ्याचेच उत्तर द्यायचे ठरवले. तू म्हणतेस, मी उठले असते तर. म्हणजे तू खोलीतून बाहेर आली असतीस, ओट्यावर आली असतीस आणि मला म्हणाली असतीस, “पप्पा, चला, नाक्यावर चहा घेऊ.” पुढे काय झाले असते, हे फक्त मला सांगता येईल. जगात दुसऱ्या कोणाला नाही.

मी त्या वेळी अग्रलेख वाचत होतो. मी चष्म्यावरून तुझ्याकडे पाहिले असते. मी म्हणालो असतो, “चहा घरी होतो. हॉटेलात कशाला?” तू आग्रह केला असतास, तर म्हणालो असतो, “परीक्षा जवळ आली आहे, हिंडत काय बसलीस? जा, अभ्यास कर.” तू हात धरून ओढले असतेस, असे समजू. तू तसे कधी केले नाहीस, कारण मी कधी करू दिले नाही. तरीही मी हात सोडवून घेतला असता आणि पान उलटले असते. तुझी आई हे जाणून होती. म्हणूनच तिने स्वतः मला विचारले नाही. तुला पाठवायला ती आली, ती शेवटची एक आशा म्हणून आली असेल. पण तू नाही म्हणालीस, तेव्हा तिने दुसऱ्यांदा विचारले नाही, कारण तुला पाठवूनही काय उत्तर येईल, हे तिला कळत होते.

त्या दिवशी तू उठलीस काय आणि न उठलीस काय, मी खुर्चीतच असतो. तार बानूबाईंकडेच राहिली असती. बाटली ओतली गेलीच असती.

तू घरी यावेस, अशी अट मी घालत नाही. कॉलेजचे मामांशी बोल. ते शिरूरला राहण्याची सोय पाहतील. मी तिथे येणार नाही. पिशव्या भरायच्या असतील, तर भर. मी नवनाथना सांगितले आहे, की निर्णय तुझा राहील. हे लिहायला मला जड गेले आहे.

रश्मी, वर लिहिले ते तुला बरे वाटावे म्हणून लिहिलेले नाही. मला स्वतःला बरे वाटावे म्हणून लिहायचे असते, तर मी लिहिले असते, की तू बोलावले असतेस, तर मी आलो असतो.

पप्पा